दोन फ्रेम

वृषाली तळवडेकरचे पाय सव्वीस वर्षं सिनेमात कामाला होते, पण ती स्वतः एकदाही पडद्यावर दिसली नाही. कोर्टाच्या पायऱ्या तावातावाने चढणारी वकिलीण, फार्महाउसच्या लाद्यांवरून सावकाश येणारा बिल्डर, पहाटे पळायला जाणारा फौजदार, या सगळ्यांची पावलं वृषालीची असत. एका फिल्ममधली गाभण म्हैससुद्धा दोन्ही हातांत लाकडी ठोकळे घेऊन ओणवी झालेली वृषालीच होती, आणि ही गोष्ट तिच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कुणी सांगितली नाही.

शूटिंगच्या वेळी माईक नटांच्या तोंडाशी असतो. पायांकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. म्हणून पावलं, बांगड्या, साडीची सळसळ, टेबलावर ठेवलेला पेला, हे सगळं नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत कुणीतरी पुन्हा करायचं असतं. या कामाला फोली म्हणतात. गोरेगाव पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात वृषाली ते करायची. जमिनीत चौकोनी खण केले होते. एकात शहाबादी फरशी, एकात कडाप्पा, एकात कोबा, पुढे सागाच्या फळ्या, मुरूम, वाळू, वाळलेला पाला. भिंतीला लागून दोनशेच्या वर जोडे. काचेच्या पलीकडे तिचा नवरा उन्मेष बसायचा. तो आवाज रेकॉर्ड करायचा आणि नंतर तेच आवाज चित्राशी जुळवायचा.

वृषाली काम करताना आपल्या पायांकडे कधी बघत नसे. ती पडद्यावरच्या माणसाच्या खांद्यांकडे बघायची. पाऊल आधी खांद्यात येतं आणि मग पायात उतरतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि सव्वीस वर्षांत ते कुणी खोडून काढलं नव्हतं.

टेक संपला की ती काचेकडे वळून विचारायची, "बसलं?" आवाज चित्रावर चपखल पडला की या धंद्यात तो बसला म्हणतात. उन्मेष बटण दाबून सांगायचा, "बसलं." की पुढचा शॉट. एका टेकमध्ये काम उरकणारी बाई अशी तिची ख्याती होती, आणि पावलं आपोआप बनवून देणारी मशिनं आल्यापासून तर त्या ख्यातीवरच गाळा तग धरून होता.

गेली चार वर्षं मात्र उन्मेष खोटं बोलत होता.

सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. आवाज एक फ्रेम इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही. दोन फ्रेम झाला की कान कुरकुरायला लागतात. तीन झाला की समोरचा माणूस खोटा वाटतो. चार वर्षांपूर्वी एका नर्सच्या गोष्टीवरच्या फिल्ममध्ये इस्पितळाचा लांब बोळ होता, आणि त्या बोळात वृषालीचं डावं पाऊल एक फ्रेम मागे पडलं होतं. दमली असेल, असं उन्मेषला वाटलं. त्याने ते पाऊल पुढे सरकवलं. पुढच्या फिल्ममध्ये दोन फ्रेम. मग पावलाच्या आधी एक बारीकशी 'घस्स' ऐकू यायला लागली. ती त्याने कापली. बायकोला "परत कर" म्हणून सांगण्यापेक्षा माऊस दोन घरं सरकवणं सोपं होतं. वय झालं, पन्नाशी आली, असं म्हणून त्याने तो विषय मनातल्या मनात मिटवला आणि सरकवत राहिला. चार वर्षांत अकरा फिल्म्स झाल्या.

जानेवारीतला एक रविवार होता. सकाळचे पोहे झाले होते. त्यांची मुलगी ओवी हैदराबादला नोकरीला होती. तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, बस आधी. बाबा, तुम्ही पण."

"बसलोय गं," वृषाली म्हणाली. "लग्न ठरवलंस की काय?"

"नाही. तुझी पाऊलचाचणी केली मी. तुला न विचारता."

वृषालीचा हात चमच्यावर थांबला.

पाऊलचाचणी तोवर घरोघरी पोचली होती. चालताना माणूस पावलांचा विचार करत नाही. मेंदूच्या तळाशी चिमूटभर पेशी असतात. त्या डोपामाइन नावाचं रसायन बनवतात आणि चालीचा ठेका सांभाळतात. कंपवातात या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. ठेका मात्र त्याच्या कितीतरी आधी बिघडतो. एक टाच सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा टेकते, चवडा किंचित घासतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण आवाजात उतरतं. कुणाच्याही चालण्याचा जुना-नवा आवाज मशिनला द्यावा. ते ठेका मोजून रोग आहे की नाही सांगायचं, आणि असलाच तर तो कुठल्या महिन्यात शिरला हेसुद्धा सांगायचं. त्यामुळे लोक जुन्या आवाजांच्या मागे लागले होते. सोसायट्यांच्या जिन्यांतले कॅमेरे, शाळेतल्या स्नेहसंमेलनांची रेकॉर्डिंग, काही विचारू नका. लग्नाच्या कॅसेटी तेवढ्या कुचकामी निघाल्या, कारण व्हिडिओवाल्यांनी सप्तपदीवर सिनेमाची गाणी चढवून पावलं पुसून टाकली होती.

वृषालीकडे देशातले सगळ्यात नीट रेकॉर्ड झालेले पाय होते, तरी तिने चाचणी केली नव्हती. तिचे वडील, वेंगुर्ल्याचे आबा, कंपवातानेच गेले. पहिल्यांदा सदऱ्याची बटणं लावता येईनात, शेवटी घास गिळता येईना. नऊ वर्षं. त्यातली शेवटची तीन वृषालीने त्यांना गोरेगावला आणून काढली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती खिडकीपाशी उभी राहून दोन्ही हात पुढे धरायची आणि बोटं थरथरतात का बघायची. बोटं थरथरत नसत. आबांसारखं मला नको, एवढं एकच मागणं तिने आयुष्याकडे केलं होतं.

"तुझ्या पंधरा फिल्म्सचे पावलांचे ट्रॅक पाठवले," ओवी सांगत होती. "आधीच्या चार, आणि गेल्या चार वर्षांतल्या सगळ्या. स्टुडिओच्या सर्व्हरवर होतेच. तू दुसऱ्यांचं चालतेस ते चालेल का म्हणून मी विचारलं होतं. चाचणीवाले म्हणाले, चाल उसनी घेतली तरी टाच आणि चवडा यांच्यातला वेळ ज्याचा त्याचाच राहतो. खोट्या सहीत खरं अक्षर डोकावतं ना, तसं." मग ती हसली. "आई, तू ठणठणीत आहेस. काहीही नाहीये."

वृषालीने चमचा खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. ती रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मग उठून तिने देवापाशी साखर ठेवली. देवाचं फारसं नाव न घेणारी बाई, पण त्या दिवशी ठेवली.

ओवीने रिपोर्ट उन्मेषच्या फोनवर पाठवला होता. त्याने तो शांतपणे वाचला. एकसष्ट हजारांच्या वर पावलं तपासली होती. डाव्या-उजव्यात फरक नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की गेल्या चार वर्षांत चालीचा ठेका पूर्वीपेक्षाही स्थिर झालेला दिसतो.

तो ठेका उन्मेषचा होता. मशिनने वृषालीला ऐकलंच नव्हतं. चार वर्षं रोज माऊस धरणारा त्याचा उजवा हात ऐकला होता.

त्याला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. त्याने ताटलीत उरलेले पोहे संपवले, वरचं खोबरंही खाल्लं, आणि ताटली विसळून पालथी घातली. आतून सगळं बधिर झालं होतं, दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात तसं.

"तू काहीच बोलला नाहीस," वृषाली म्हणाली.

"छान झालं," उन्मेष म्हणाला.

सोमवारी गाळ्यात गेल्यावर त्याने जुनी प्रोजेक्ट उघडली. फिल्म हातावेगळी झाली की मूळ टेक पुसून टाकायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. जागा किती म्हणून अडवायची? राहायची ती जुळवलेली, गुळगुळीत पट्टी. पण सॉफ्टवेअर दोन गोष्टी आपणहून जपायचं. एक म्हणजे कापून टाकलेली कात्रणं, आणि दुसरी, कुठलं पाऊल कधी किती सरकवलं त्याची नोंद. उन्मेषने नर्सचा बोळ काढला. डावं पाऊल, एक फ्रेम पुढे. डावं पाऊल, एक फ्रेम पुढे. खाली तारीख होती, दोन हजार चौतीस सालच्या मार्चची पहिली. मग पुढची फिल्म, मग त्याच्या पुढची. एक, एक, दोन, दोन, दोन, तीन. बायकोचा आजार त्याच्याच अक्षरात, महिनावार लिहून ठेवलेला होता.

कंपवातावर एव्हाना उपचार निघाला होता. रोग्याच्याच त्वचेपासून डोपामाइन बनवणाऱ्या नव्या पेशी वाढवायच्या आणि मेंदूत त्या जागी सोडायच्या. पण जुने तंतू उभे असतील तोवरच नव्या पेशी त्यांना धरून रुजतात. म्हणून ठेका बिघडल्यापासून चार वर्षांच्या आत त्वचेचा नमुना द्यावा लागे. त्यानंतर येणाऱ्याला गोळ्या देऊन घरी पाठवत. मार्च चौतीस ते मार्च अडतीस. जानेवारी संपत आला होता. उन्मेषने बोटांवर मोजलं, आणि मोजून झाल्यावर परत मोजलं.

त्याच दुपारी सांगायला हवं होतं. तोंड उघडायला एक मिनिट लागलं असतं. पण चार वर्षं आपण तिच्या पावलांत हात घालत होतो, आणि त्यापायी ती डॉक्टरकडे गेली नाही, हे त्या एका मिनिटात आलं असतं. त्याऐवजी उन्मेषने त्याला जमणारी गोष्ट केली. त्याने पावलं परत मागे न्यायला घेतली.

एका आज्ञेत ते झालं असतं, पण जुन्या सॉफ्टवेअरच्या नोंदी नवं सॉफ्टवेअर नुसत्या दाखवायचं, उलट्या फिरवायचं नाही. म्हणजे हाताने. नोंद वाचायची, पाऊल धरायचं, होतं तिथे मागे ठेवायचं. कात्रणातली 'घस्स' शोधून त्याच्या आधी चिकटवायची. की पुढचं पाऊल. काचेपलीकडे वृषाली नव्या फिल्मसाठी मुरमावर चालत असायची. टेक संपला की "बसलं?" विचारायची. तो "बसलं" म्हणायचा आणि परत मान खाली घालायचा. वृषाली त्या दिवसांत खुशीत होती. जिना चढताना गुणगुणायची. डबा खाताना म्हणाली, "आता साठीपर्यंत मी काही थांबत नाही बघ." त्याने तिच्या डब्यातली कोबीची भाजी घेतली.

सतरा दिवस गेले. चार हजारांच्या वर पावलं त्याने आपापल्या जागी मागे नेली. इतक्या दिवसांत त्याला ना रडू आलं, ना झोप उडाली. एकदा फक्त, कुठल्याशा बँक मॅनेजरणीच्या पन्नास पावलांचा शॉट पुरा झाल्यावर, त्याने चित्र बंद करून तो नुसता ऐकला, आणि मग बराच वेळ हेडफोन कानांवर तसाच ठेवून बसून राहिला.

अठराव्या दिवशी त्याने ती पावलं स्वतःच्या नावाने चाचणीला पाठवली. उत्तर तासाभरात आलं. कंपवात, सुरुवात मार्च चौतीस. रोपणाच्या मुदतीपैकी सोळा दिवस शिल्लक.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, चहाच्या वेळी, त्याने वृषालीला आत बोलावलं.

"एक ऐक."

"चित्र?"

"चित्र नको."

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, कप हातात धरून डोळे मिटले. उन्मेषने बँक मॅनेजरणीचा शॉट लावला. लाद्यांवरून बाईची पावलं आली. टप्, घस्स-टप्. टप्, घस्स-टप्.

वृषालीने दहा-बारा पावलं ऐकली. "कोण ही? नवी मुलगी बघतोयस का?"

"कशी वाटते?"

"पाय चांगलाय. टाच स्वच्छ देते." ती आणखी ऐकत राहिली. "पण बरी नाहीये रे ती. डावा पाय उचलत नाही, ओढते. आबा असेच चालायचे, अगदी पहिल्यांदा." मग धंद्याचा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप आला. "पात्र आजारी आहे का?"

"नाही. बँकेत मॅनेजर आहे."

"मग हे चालायचं नाही. परत करायला सांग तिला."

पावलं चालूच होती. वृषालीने कप तोंडाला लावला आणि तसाच थांबवला. तिने डोळे उघडले.

"हे माझे सॅंडल आहेत," ती म्हणाली. "ते तपकिरी. टाचेत खिळा सैल आहे, तो वाजतोय बघ. माझे सॅंडल कुणाला दिलेस?"

"कुणालाच नाही दिले."

शॉट संपला. उन्मेषने तो परत लावला नाही. खालून ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येत होता. वृषालीने कप टेबलावर ठेवला. मग उजव्या हाताने डावा गुडघा धरला, जणू तो आत्ताच उठून कुठेतरी जाणार होता.

"कधीपासून?"

"नर्सच्या फिल्मपासून."

"चार वर्षं."

"हो."

"मी विचारायचे ना तुला. प्रत्येक टेकला."

"विचारायचीस."

"आणि तू?"

"बसलं म्हणायचो. मग बसवायचो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, अजून तसंच आहे सगळं. कधी पाय जड वाटला की मी काचेतून तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू बसलं म्हणालास की वाटायचं, मग ठीक असेल. माझ्या पायांपेक्षा मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

उन्मेषने तिला बाकीचं सांगितलं. रिपोर्ट चुकीचा का आला, रोपण म्हणजे काय, मुदतीचे पंधरा दिवस उरलेत. बातम्या वाचणाऱ्यासारखा त्याचा आवाज सपाट येत होता, आणि तो त्याला स्वतःलाही ऐकू येत होता.

"तुला हे कळलं कधी?"

"त्या रविवारी. रिपोर्ट आला तेव्हाच."

"त्याला एकोणीस दिवस झाले."

"हो."

"मग इतके दिवस काय करत होतास?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. चार हजार पावलं तिथे ओळीने उभी होती, प्रत्येक डावं थोडं मागे. वृषालीने ती पाहिली. मग उठली, जोड्यांच्या फळीपाशी गेली, ते तपकिरी सॅंडल काढून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकले. थोड्या वेळाने परत काढून जागेवर ठेवले.

"घरी जाऊ," ती म्हणाली.

परळच्या रुग्णालयात पाच दिवसांनी वेळ मिळाली. डॉक्टर निशिगंधा पालयेकर चाळिशीच्या होत्या, भराभर बोलायच्या, पण रोग्याच्या डोळ्यांत बघून बोलायच्या. त्यांच्यासमोर दोन रिपोर्ट होते.

"हा म्हणतो, काही नाही. हा म्हणतो, चार वर्षं होत आली. आणि दोन्ही आवाज तुमच्या हातून गेलेत, तळवडेकर. एकदा तुम्ही पावलं पुढे नेली, एकदा मागे. रोपण मंजूर करणाऱ्या समितीत मी असते तर दोन्ही केराच्या टोपलीत टाकले असते."

"मग?" उन्मेषने विचारलं.

"आज इथे चालायचं. बारा मीटर, माझ्यासमोर, माझे माईक. आजच्या चालीत फरक दिसला तर तुमचा मागचा हिशोब खरा धरता येईल आणि मी आजच्या आज त्वचेचा नमुना घेते. चाल सरळ निघाली तर पहिला रिपोर्ट कायम. मग फाइल बंद. परत यायचं तर सहा महिन्यांनी." त्यांनी वृषालीकडे पाहिलं. "सहा महिन्यांनी उपयोग नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

वृषालीने मान हलवली. पहाटे ती खिडकीपाशी हात पुढे धरून उभी असलेली उन्मेषने पाहिली होती. बोटं आजही थरथरत नव्हती. कदाचित सगळंच चूक असेल, माणसाचा हात चुकतो, मशिन चुकतं, असं ती स्वतःला समजावत असावी. ती तसं बोलली नाही, पण तीस वर्षांच्या संसारात न बोललेलंही ऐकू येतं.

चालायची खोली लांबट होती. जमिनीवर साधी लाकडी वाट, दोन्ही टोकांना पांढऱ्या पट्ट्या, वाटेच्या कडेला माईकची रांग. डॉक्टर आणि उन्मेष काचेपलीकडे बसले. डॉक्टरांनी बोलायचं बटण त्याला दाखवलं, जणू ते त्याला माहीत नव्हतं.

वृषाली पट्टीवर येऊन उभी राहिली. अनवाणी.

"कुणाचं चालू?" तिने विचारलं.

डॉक्टर गोंधळल्या. "म्हणजे?"

"वय काय, घाईत आहे का, कुठून कुठे चाललीय."

"तुमचं चाला. तुम्ही चालता तसं."

हे तिला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने समोरच्या कोऱ्या भिंतीकडे नजर लावली, खांदे सरळ केले आणि चालायला लागली.

टप्. टप्. टप्. टप्.

उन्मेषने पहिल्या तीन पावलांत ओळखलं. ही ती वकिलीण होती, कोर्टाच्या पायऱ्या चढणारी, दहा वर्षांपूर्वीची. टाच ठाम, चवडा मोकळा, डाव्या-उजव्यात केसाचाही फरक नाही. भिंतीवर चित्र नव्हतं, पण वृषालीला ते दिसत होतं आणि ती त्या बाईच्या खांद्यांमागून चालली होती. किती जोर लावून चालली होती ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. फिल्मभर लपत नाही ते बारा मीटरपुरतं त्या जोरावर लपत होतं. बारा मीटर संपले. ती पलीकडच्या पट्टीवर थांबली.

डॉक्टरांच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटली. "सारखंच आहे की," त्या हळू म्हणाल्या, आणि त्यांचा हात फाइल बंद करायच्या बटणाकडे गेला.

"एक मिनिट," उन्मेष म्हणाला.

वृषाली काचेकडे वळली. वरच्या ओठावर घाम आला होता. चार वर्षं, किंबहुना सव्वीस वर्षं विचारत होती तसंच तिने विचारलं.

"बसलं?"

ती काय मागते आहे ते त्याला कळलं. एक शब्द, रोजचाच. तो म्हटला की ती ठणठणीत, आबांचं काही तिच्यात नाही, आणि त्याच्या हातून काही चुकलेलं नाही. दोघं गोरेगावला परत जातील, वाटेत कुठेतरी इडली खातील. त्या रविवारनंतर पहिल्यांदा उन्मेषला काहीतरी वाटलं. इंजेक्शन उतरल्यावर दाढ ठणकते तसं. त्याने बटण दाबलं.

"नाही."

तिने ऐकू आलं नसल्यासारखं केलं. "काय?"

"नाही बसलं, वृषा. परत."

ती काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. काचेत तिला तो नीट दिसत होता की स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं, कोण जाणे. मग तिचे खांदे खाली आले. तिने मान हलवली, रीटेक मान्य करताना कलाकार हलवतात तशी, आणि परत पहिल्या पट्टीकडे निघाली.

परत जाताना ती कुणाचंच चालत नव्हती. टप्, घस्स-टप्. टप्, घस्स-टप्. डावी टाच तीन फ्रेम उशिरा टेकत होती. टेबलावरचा उन्मेषचा उजवा हात आपोआप पुढे सरकला; त्याने डाव्या हाताने तो दाबून धरला. डॉक्टर खुर्चीत पुढे झुकल्या. पडद्यावरची रेघ हिरवी राहिली नव्हती. माईक चालूच होते.